डोमिनिकन गाडीवरचा गारेगार खाऊ, घरच्या घरी

आधी एक गोंधळ मिटवून टाकू. क्रिकेटवेड्या मराठी माणसाला ‘डॉमिनिका’ ठाऊक असतं. २०२३ मध्ये यशस्वी जयस्वालने पदार्पणाच्या कसोटीत १७१ धावा काढल्या, त्या तिथल्या रोसोच्या मैदानावर. हा लेख त्या बेटाबद्दल नाही. डोमिनिकन रिपब्लिक हा वेगळा, त्याच्या कितीतरी पट मोठा आणि स्पॅनिश बोलणारा देश. हिस्पॅनिओला बेटाचा पूर्वेकडचा भाग त्याचा, पश्चिमेकडचा हैतीचा. तिथे पोरं बेसबॉल खेळतात, आणि खेळून झालं की गाडीवर जाऊन बर्फ खातात.

त्या गाडीवरच्या खाऊसाठी जीव टाकणारी माणसं मात्र निम्मी-शिम्मी न्यूयॉर्कात सापडतात. १९६१ मध्ये हुकूमशहा त्रुहियोची हत्या झाली, १९६५ मध्ये यादवी आणि अमेरिकेची लष्करी कारवाई. त्यानंतर तिथून जी रीघ लागली, ती मॅनहॅटनच्या वरच्या टोकाला वॉशिंग्टन हाइट्स आणि पुढे ब्राँक्सपर्यंत स्थिरावली. आमच्यासारखी त्या भागात घर घेतलेली मराठी कुटुंबंही आहेत, आणि शेजार डोमिनिकन असला की वर्षभर वाट्या इकडून तिकडे जात राहतात. त्या वाट्यांमधून आणि शेजारच्या आजींच्या स्वयंपाकघरात उभं राहून जे हाती लागलं, ते इथे नीट मांडतो आहे. मापं पुण्या-नाशिकच्या घरातही जमतील अशी ठेवली आहेत.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण मराठी घरात नेमकं इथेच बिघडतं. हा खाऊ सुधारायला जाऊ नका. ताजी साय, केशर, बदामाचे काप, सेंद्रिय अमुक आणि तमुक, यातलं काही घातलंत की पदार्थ कदाचित छान होईल, पण डोमिनिकन माणूस एक घास खाऊन हसेल आणि वाटी खाली ठेवेल. या चवीचं सगळं बळ स्वस्त वस्तूंत आहे: बर्फ, साखर, नारळ, दालचिनी, व्हॅनिलाचा साधा इसेन्स आणि डब्यातलं दूध.

सामान जमवताना

डब्यातलं दूध म्हणजे इव्हॅपोरेटेड मिल्क. दुधातलं सुमारे ६० टक्के पाणी काढून, डब्यात भरून, भरपूर तापवलेलं, बिनसाखरेचं. उष्ण हवेच्या बेटावर फ्रिज घरोघरी नव्हते तेव्हा हेच दूध टिकायचं, म्हणून गोड पदार्थांत ते मुरलं ते मुरलंच. अमेरिकेत कुठल्याही दुकानात मिळतं. भारतात मोठ्या शहरांतल्या आयात मालाच्या दुकानांत दिसतं, पण त्यासाठी पायपीट करायची गरज नाही. १०० ग्रॅम साय न काढलेल्या दुधाची पावडर ३०० मिली कोमट पाण्यात गुठळ्या न राहता कालवा आणि मंद आचेवर ५ मिनिटं तापवा. चव बऱ्यापैकी तिथे पोचते. दूध आटवूनही होतं, १ लिटरचं साधारण ४०० ते ४५० मिली करा. मात्र साय धरू द्यायची नाही, सतत ढवळायचं आणि शेवटी गाळून घ्यायचं. बासुंदीकडे निघालंय असं वाटलं की गॅस बंद.

कंडेन्स्ड मिल्क वेगळं, त्यात साखर असते. दोन्ही लागतात. एकाच्या जागी दुसरं चालत नाही.

मसाल्यांत दालचिनी, लवंग, जायफळ. वेलची नाही. हात सवयीने वेलचीच्या डबीकडे जातो, तेवढा आवरा. एका दाण्यानेही पदार्थ थेट आपल्याकडचा होऊन बसतो. व्हॅनिलाच्या महागड्या शेंगाही नकोत, कारण डोमिनिकन दुकानांत मिळणारा व्हॅनिला इसेन्स कृत्रिमच असतो आणि लोकांना आठवतो तो तोच वास.

नारळाचं दूध ताज्या खोबऱ्याचं काढलंत तर उत्तम. इथे मराठी घर डोमिनिकन घराच्या बरोबरीला आहे, त्यामुळे जास्त सांगत नाही.

फ्रीओ-फ्रीओ

आपला बर्फाचा गोळा डोळ्यांसमोर आणा आणि त्यातली काडी काढून टाका. पेल्यात किसलेला बर्फ, वरून रंगीत पाक, आणि चमच्याऐवजी स्ट्रॉ. काही भागांत याला युन-युन म्हणतात. पोर्तो रिकोची माणसं याच बर्फाला टोकदार डोंगराचा आकार देतात आणि त्याला पिरागुआ म्हणतात. डोमिनिकन मंडळी त्यावरून त्यांना चिडवतात, पण चव सांगून ओळखा म्हटलं तर दोघांचीही पंचाईत होईल.

गाडीवर बर्फाची लादी असते, गोणपाटाने किंवा फडक्याने झाकलेली. फ्रीओ-फ्रीओवाल्याच्या हातात धातूची एक छोटी पेटी. तिच्या तळाला पातं आणि वर झाकण. ती पेटी लादीवरून जोर देऊन पुढे ढकलायची की पात्यातून निघालेला बर्फ आतच साठतो. तीन-चार वेळा खर्र-खर्र केलं की पेटी भरते, मग झाकण उघडून पेल्यात ठोकायची. बर्फ भुगा होत नाही, दाणेदारही राहत नाही. ओलसर, पातळ पापुद्रे निघतात आणि ते पाक धरून ठेवतात. घरी करताना सगळी खटपट या पापुद्र्यासाठी आहे.

बर्फ असा करा. प्लास्टिकच्या १ लिटरच्या डब्यात उकळून गार केलेलं पाणी भरा. डब्याच्या बाजूंना आणि तळाला जाड टॉवेल गुंडाळा, तोंड उघडं ठेवा आणि रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवून द्या. टॉवेलमुळे पाणी वरून खाली सावकाश गोठतं, हवेचे बुडबुडे कमी अडकतात आणि बर्फ घट्ट होतो. घाईने गोठलेला पांढरा ठिसूळ बर्फ पात्याखाली फुटतो.

फ्रीझरमधून काढल्याबरोबर किसायला घेऊ नका. उणे १८ अंशांचा बर्फ पात्याला दाद देत नाही, नुसते तुकडे उडतात. ताटात १० ते १५ मिनिटं राहू द्या. वरचं पांढुरकं दव जाऊन पृष्ठभाग काचेसारखा ओला दिसला की वेळ झाली. गोळ्याचं हातानं फिरवायचं यंत्र असेल तर प्रश्नच मिटला. नसेल तर मिक्सरच्या नादी लागू नका, त्यातून वाळू निघते. त्यापेक्षा पसरट ताटात बोटभर पाणी गोठवा आणि थोडं सैलावलं की काट्याने खरवडून काढा. पापुद्रे निघतील.

आता पाक. चिंचेचा आधी करा, तो खरा डोमिनिकन गाडीवरचा आणि आपल्याकडे सामानही घरातच. २०० ग्रॅम बी काढलेली चिंच ५०० मिली गरम पाण्यात अर्धा तास भिजवा. कुस्करून गाळा, चोथा घट्ट पिळा. साधारण ४०० मिली कोळ निघतो. त्यात ६०० ग्रॅम साखर आणि चिमटीभर मीठ घालून ५ ते ७ मिनिटं उकळा. तांबूस, नवी चिंच घ्या. जुनी काळी चिंच आमटीला ठीक, इथे पाकाला काढ्याचा रंग येतो. जिरेपूड वगैरे अजिबात नाही.

लाल पाक रास्पबेरीचा म्हणवतो, पण गाडीवरच्या बाटलीत रास्पबेरी कधी शिरलेली नसते. १ किलो साखर, ५०० मिली पाणी, साखर विरघळून एक उकळी आली की बंद. पूर्ण गार झाल्यावर रास्पबेरीचा इसेन्स आणि खायचा लाल रंग. गरम पाकात घातला तर इसेन्सचा अर्धा वास वाफेवर जातो. हाच पाक धरून पुदिन्याचा हिरवा, द्राक्षाचा जांभळा असे प्रकार होतात. पॅशन फ्रूटचा मिळाला तर जरूर करा: गर आणि साखर समान वजनाने घेऊन फक्त साखर विरघळेपर्यंत तापवायचं, बिया गाळून टाकायच्या. कोकमाचा पाकही बर्फावर झकास लागतो, पण मग तो आपला मेवा.

पाक फ्रिजमध्ये ठेवून थंडगार करा आणि मगच वापरा. भरताना पेला अर्धा भरा, पाक ओता, पुन्हा बर्फ, पुन्हा पाक. सगळा पाक वरूनच ओतला तर तो थेट तळाला जातो आणि खाणारा शेवटपर्यंत फिकं पाणी ओढत बसतो.

पिशवीतला बर्फ: एस्किमालितो

गाडी पुढच्या गल्लीत गेली तरी पोरांचं अडत नाही, कारण कुणाच्या तरी घराच्या फ्रीझरमध्ये हे विकायला ठेवलेलं असतं. लहान लांबट प्लास्टिकच्या पिशवीत गोठवलेलं गोड दूध किंवा सरबत. पिशवीचा एक कोपरा दातांनी तोडायचा आणि चोखत घरी जायचं. आपल्याकडे ‘पेप्सी’च्या पिशव्या म्हणून पॅकिंगच्या दुकानांत ज्या मिळतात, त्याच घ्या.

नारळाच्या चवीसाठी: ४०० मिली नारळाचं दूध, ३५० मिली इव्हॅपोरेटेड दूध, ५०० मिली पाणी, २०० ग्रॅम साखर, १ चमचा व्हॅनिला, अर्धा चमचा दालचिनीची पूड, चिमूट मीठ. मिश्रण तसंच गोठवलं तर नारळाची चरबी वर येऊन पिशवीच्या टोकाला मेणासारखा थर धरतो. तो टाळायला १ मोठा चमचा कॉर्नफ्लोअर थोड्या पाण्यात कालवून सगळ्याबरोबर उकळून घ्या, मग गार करा. चाखून बघा, गार मिश्रण प्यायला जरा जास्त गोड लागलं पाहिजे. गोठल्यावर जिभेला गोडी कमी जाणवते, आणि साखर कमी पडली तर दात लागणार नाही असा दगड होतो.

पिशवी पाऊण भरा. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं, काठोकाठ भरलेल्या पिशव्या रात्रीतून फाटतात. हवा काढून गाठ मारा आणि ताटात आडव्या ठेवा.

नारळाचं आइस्क्रीम

दुकानी आइस्क्रीमची डोमिनिकन आठवण निघाली की ‘बॉन’चं नाव येतंच. त्यांचं मॅकाडेमिया या सुक्यामेव्याचं आइस्क्रीम प्रसिद्ध आहे, आणि मॅकाडेमियाच्या तिथल्या लागवडीचा संबंध १९७९ मध्ये सुरू झालेल्या ‘प्लान सिएरा’ या डोंगराळ भागातल्या वनीकरणाच्या कामाशी आहे. ते घरी होण्यातलं नाही. घरी होतं ते नारळाचं, थोडं बर्फाळ, थोडं चिकट.

४०० मिली घट्ट नारळाचं दूध, ३५० मिली इव्हॅपोरेटेड दूध, २०० ग्रॅम कंडेन्स्ड मिल्क, ६० ग्रॅम साखर, दालचिनीचा एक तुकडा, चिमूट मीठ. यातलं थोडं गार दूध बाजूला ठेवून त्यात २ मोठे चमचे कॉर्नफ्लोअर कालवा. बाकीचं तापलं की ते ओता आणि चमच्याच्या पाठीवर थर धरेपर्यंत ढवळा. दालचिनी काढा, व्हॅनिला घाला, मूठभर बारीक खवलेलं खोबरं घाला आणि फ्रिजमध्ये किमान ४ तास.

घरात माळ्यावर जुना लाकडी आइस्क्रीम पॉट असेल तर खाली काढा, याच्यासाठी तोच योग्य. नसेल तर बादलीत ३ किलो फोडलेला बर्फ आणि १ किलो खडेमीठ थराथराने भरा, मध्ये झाकणाचा उंच स्टीलचा डबा ठेवा आणि हाताने गोल फिरवत राहा. मिठामुळे बर्फ शून्याच्या खूप खाली वितळू लागतो आणि डब्यातली उष्णता खेचून घेतो. दर ५ मिनिटांनी झाकण उघडून कडेचं गोठलेलं मिश्रण उलथण्याने मध्ये ओढा. बर्फाच्या पाण्याची पातळी झाकणाच्या बरीच खाली हवी, खारट पाण्याचे चार थेंब आत गेले की सगळं फुकट. अर्ध्या-पाऊण तासात घट्ट होतं. मग २ तास फ्रीझर.

न्यूयॉर्कमध्ये वाढलेल्या डोमिनिकन मुलांची नारळाची आठवण मात्र बहुतेकदा वेगळी असते: फुटपाथवरच्या छोट्या ढकलगाडीतलं ‘कोको एलादो’. यातली एक नावाजलेली कंपनी ब्राँक्समध्ये होंडुरासहून आलेल्या माणसाने उभी केली. आई सांतो डोमिंगोच्या, म्हणजे डोमिनिकन राजधानीच्या, चवीबद्दल बोलत असते, मुलगी ब्राँक्सच्या, आणि दोघीही ‘आमचं नारळाचं’ म्हणतात. मी या वादात पडत नाही.

मोरीर सोन्यांदो

दूध आणि संत्र्याचा रस. वाचूनच आपल्याकडच्या आज्या कपाळाला हात लावतील, आणि त्यांची शंका रास्त आहे. दुधातली प्रथिनं ठरावीक आंबटपणाला, साधारण ४.६ सामूला, गोळा होतात आणि दूध फाटतं. पण हे फाटणं गारठ्यात बरंच मंदावतं. सगळी युक्ती तेवढीच.

दोन मोठ्या पेल्यांसाठी २५० मिली इव्हॅपोरेटेड दूध, ३५० मिली गाळलेला संत्र्याचा रस, ३ ते ४ मोठे चमचे साखर, थेंब-दोन थेंब व्हॅनिला. दूध, रस आणि पेलेसुद्धा फ्रिजमध्ये तासभर ठेवा. साखर दुधात पूर्ण विरघळवा. जगमध्ये भरपूर बर्फ घाला, त्यावर दूध ओता आणि लांब चमच्याने ढवळायला लागा. ढवळणं न थांबवता दुसऱ्या हाताने रसाची करंगळीएवढी बारीक धार सोडा. रंग पांढऱ्यावरून फिकट केशरी होत जाईल आणि मिश्रण जरासं दाट लागेल, ते बरोबर आहे. चमच्याला बारीक कण चिकटताना दिसले तर रस पुरेसा गार नव्हता किंवा धार मोठी झाली. काही जण उलटं, रसात दूध घालतात. त्यात पहिले थेंब थेट आंबटात पडतात आणि तिथेच कण धरतात, म्हणून मला ते पटत नाही.

नागपूरची संत्री चालतात, पण रस काढून ठेवू नका, थांबला की कडवट होतो. मोसंबीने फाटायची भीती कमी, पण आंबटपणाही नाही, मग नुसतं गोड दूध पिण्यासारखं होतं. केलं की लगेच प्या. १० मिनिटांनी थर वेगळे होऊ लागतात. सांतो डोमिंगोत सँडविच आणि रसांसाठी प्रसिद्ध असलेल्या ‘बार्रा पायान’मध्येही हे समोर करून लगेच हातात देतात.

आबिचुएलास कोन दुल्से

घेवड्याच्या दाण्यांची गोड खीर. लेंटच्या दिवसांत, म्हणजे ईस्टरआधीच्या ख्रिस्ती उपवासाच्या काळात, विशेषतः ईस्टरच्या आठवड्यात, घरोघरी मोठ्या पातेल्यांत होते आणि डबे भरभरून शेजारीपाजारी वाटली जाते. या दिवसांत आमच्या फ्रिजमध्ये चार घरच्या चार खिरी असतात आणि ‘कुणाची आवडली’ या प्रश्नाला सावध उत्तर द्यावं लागतं.

१. ५०० ग्रॅम छोटा लाल राजमा रात्रभर भिजवा. ते पाणी टाका. ताज्या पाण्यात कुकरमध्ये दोन बोटांत मेणासारखा दबेल इतका शिजवा. कच्चट राजमा पोटाला त्रास देतो, म्हणून मंद आचेवर नुसता गरम करून भागवायचं नाही.

२. शिजवलेल्या पाण्यासकट मिक्सरमधून अगदी बारीक करा आणि गाळणीतून गाळा. हे काम कंटाळवाणं आहे आणि टाळता येत नाही. सालं राहिली की खिरीची आमटी होते.

३. जाड बुडाच्या पातेल्यात गाळलेला रस, ४०० मिली नारळाचं दूध, ३५० मिली इव्हॅपोरेटेड दूध, दालचिनीचे २ तुकडे, ६ ते ८ लवंगा फडक्यात बांधून, पाव चमचा मीठ. मंद आचेवर ठेवा. तळाला लागतं, तिथून हलू नका.

४. एक उकळी आली की २०० ग्रॅम साखर, २०० ग्रॅम कंडेन्स्ड मिल्क, १ मोठा चमचा लोणी आणि ३०० ग्रॅम रताळ्याचे वेगळे उकडून घेतलेले चौकोनी तुकडे घाला. पांढऱ्या गराचं रताळं घ्या, तुकडे टिकतात.

५. १५ ते २० मिनिटांनी मूठभर मनुका आणि जायफळ. व्हॅनिला गॅस बंद केल्यावर.

पातळसरच उतरवा, रबडीपेक्षाही सैल. गार झाल्यावर राजमा स्वतःच घट्ट करतो. लवंगेची पुरचुंडी आठवणीने काढा. कोमट खाणारेही आहेत, पण फ्रिजमध्ये एक रात्र राहिलेली खीर निर्विवाद सरस. वर छोटी गोल दुधाची बिस्किटं टाकतात, आयत्या वेळी, म्हणजे अर्धी भिजलेली अर्धी कुरकुरीत राहतात. आपल्याकडचं साधं मिल्क बिस्किट चालेल. काही घरांत कासाबेचा तुकडाही असतो. ही कसाव्याची पातळ कडक भाकरी, बेटावरच्या मूळच्या ताइनो लोकांची. ती करण्याची परंपरा २०२४ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली.

हालाओ, आणि जे घरी करू नये ते

ऊस या बेटावर कोलंबसच्या १४९३ च्या दुसऱ्या सफरीत आला, आणि तेव्हापासून गोडाला तोटा नाही. हालाओ हे त्यातलं सगळ्यात सोपं. तिथे मध किंवा उसाचा पाक वापरतात, कोल्हापूरकडची काकवी इथे चपखल बसते. २ वाट्या खवलेलं ओलं खोबरं, १ वाटी काकवी, पेरभर आलं किसून. जाड कढईत मध्यम आचेवर परता. सुरुवातीला पाणी सुटतं, मग कडा सुटायला लागतात. थेंबभर मिश्रण गार ताटलीत टाकून बोटांनी वळलं की झालं. हाताला पाणी लावून लिंबाएवढे गोळे वळा. पूर्ण कडक होत नाहीत, चिवट राहतात, आणि दाताला चिकटणं हा त्यांचा स्वभाव आहे.

कागदात गुंडाळलेले साखरेचे टोकदार लॉलीपॉप, पट्ट्यापट्ट्यांच्या पुदिन्याच्या कांड्या, काडीवरचा गुलाबी नारळ या वस्तूंच्या मागे घरी लागू नये. उकळत्या साखरेशी झटापट करून हात पोळतात आणि निघतं ते गाडीवरच्या पाच पैशांच्या मालासारखं नसतं. ते डोमिनिकन किराणा दुकानातून, तिथल्या भाषेत कोल्मादोतून, विकत आणावं.

टिकण्याचं म्हणाल तर पाक बाटलीत महिनाभर, फक्त चिंचेचा आणि पॅशन फ्रूटचा फ्रिजमध्येच. पिशव्या दोन-तीन आठवडे, पुढे त्यांना फ्रीझरचा वास लागतो. खीर ४ दिवस. हालाओ आठवडाभर, मुंगीपासून लपवता आला तर.